क्रोन रोगावरील संयुक्त औषधयोजना

जठरांत्र मार्गाच्या, विशेषतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, चिरकारी शोथाला (दाहयुक्त सुजेला) क्रोन रोग म्हणतात. बी. बी. क्रोन, एल. गिंझबर्ग व जी. डी. ओपनहायमर यांनी न्यूयॉर्क येथे १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तथापि ग्लासगो येथील शस्त्रक्रियातज्ञ टी. के. डाल्झिएल यांनी १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदविले होते आणि गुरांच्या योने रोगाशी त्यांच्या विकृतीचे साम्य दाखविले होते. गुरांच्या आतड्यांत क्षयजंतूंच्या वंशातील जंतू आढळतात. मानवी ऊतकात मात्र ते डाल्झिएल यांना दिसले नाहीत. नंतरच्या सर्व वादाचे मूळ येथेच आहे.

आर. जे. कियोदिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये क्रोन रोग्यांच्या ऊतकांतून या वंशातील जंतू वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि जुनी कल्पना पुन्हा पुढे आली. हे जंतू अतिशय सावकाश वाढतात व एकाच औषधाला लवकर दाद देईनासे होतात. म्हणून क्षयाप्रमाणे येथेही अनेक औषधे एकत्र देणे क्रमप्राप्त होते. रिफॅम्पिसीन, आयसोनियाझिड व एथॅम्ब्युटॉल ही क्षयावरील औषधे १३० रुग्णांना दोन वर्षे देऊन ब्रिटनमध्ये केलेल्या चाचणीत (१९९४) लाभ दिसला नाही. औषधांची निवडच चुकली, असे या मताचे समर्थक म्हणत.

त्यानंतर ऑस्ट्रेलियात क्लॅरिथ्रोमायसीन, रिफाब्युटीन व क्लोफाझिमीन यांचे मिश्रण २१३ रुग्णांवर दोन वर्षे तपासण्यात आले. सर्वांना प्रारंभी प्रेडनिसोलोन दिले होते. सोळाव्या आठवड्यास औषधगटातील ६६ टक्के व निरौषध गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५० टक्के रुग्णांची लक्षणे शमली. पण हा लाभ पुढे टिकल्याचे सिद्ध झाले नाही (२००७). या निष्कर्षावर पुष्कळ टीका झाली. रुग्णांच्या शरीरात तो जंतू आहे की नाही हे पाहून त्यांची निवड केलेली नव्हती, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शिवाय कुष्ठरोगावर वापरले जाणारे क्लोफाझिमीन त्वचेला तांबूस-काळसर छटा आणते. त्यामुळे कोणाला औषध मिळते आहे, हे गुप्त राखणे अवघड होते.

हीच तीन औषधे एका कॅप्सूलमध्ये देऊन ३३१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. सव्विसाव्या आठवड्यास औषधगटात सु. ३७ टक्के व दुसऱ्या गटात सु. २३ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. एवढ्यावरून जंतू हेच रोगाचे कारण ठरत नाही. कारण क्लॅरिथ्रोमायसीन व क्लोफाझिमीन यांना शोथ कमी करण्याचाही गुण आहे, तसेच ही औषधे आतड्यातील इतर जंतूंवरही परिणाम करतात.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आतड्याचा क्षय व क्रोन रोग यांची लक्षणे आणि दुर्बिणीतून दिसणारे व्रण पुष्कळदा सारखेच असतात. रिफाब्युटीन क्षयजंतूंवरही गुणकारी असल्याने, अशा औषधांनी बरा झालेला रुग्ण मुळात कोणत्या रोगाचा होता, हे केवळ गुण येण्यावरून सांगता येत नाही.