चौदा आट्यांचं कूळ

गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे त्वरितादेवीचं गाव. तिथल्या, किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावातल्या, तीसेक वर्षांपूर्वी नळ घेतलेल्या घरात न्हाणीच्या भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात, तोटीतून सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं. फिटर भिंतीवर हात फिरवून सांगतो, जीआय सडला, लाईन बदलावी लागेल. झिरी मारून भिंत उघडली की फुगलेला, पापुद्रे सुटलेला पाईप दिसतो. कापून पाहावं तर अर्ध्या इंचाच्या नळीत पेन्सिल जेमतेम शिरेल एवढीच वाट उरलेली असते. भंगारात जाण्याआधी त्या तुकड्याची कुळी विचारून घ्यावी, इतकी ती लांबची आहे.

पाणी नळातून नेण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी भुयारी वाटेने मळ्यांना जाई. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि नहर-ए-अंबरी बांधून शहराला पाणी दिलं. पुढे अठराव्या शतकात तिथल्या पाणचक्कीपर्यंत डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणलं गेलं. खापरी नळाचं एक तोंड निमुळतं, ते पुढच्या नळाच्या रुंद तोंडात बसवायचं आणि सांधा चुन्याने बुजवायचा. बांधकामाचं आवरण दिलं तर असा नळ पिढ्यान्‌पिढ्या टिके. त्याला गंज माहीतच नव्हता. पण हे नळ हौदापर्यंत येत, भिंतीतून तोटीपर्यंत जात नसत. माळवदाच्या घरात पाणी आडातून निघे आणि रांजणात विसावे.

भिंतीतला लोखंडी नळ मात्र वेगळ्याच घराण्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या शहरांत गॅसचे दिवे लागले आणि गॅस वाहून न्यायला बारीक, लांब, स्वस्त नळ्या हव्या झाल्या. 1825 मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने लोखंडाची पट्टी लालबुंद तापवून, गोल वळवून, कडा जोडत सलग नळी ओढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 1837 मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने लोखंडावर जस्ताचा लेप चढवण्याचं पेटंट घेतलं. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं माप ठरवून दिलं, 55 अंशांचा कोन. त्यातूनच पाईपचे आटे ठरले: अर्धा इंची पाईपला इंचाला 14. तिन्ही धागे एकत्र आले आणि आपला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, जन्मला. त्याचं बाहेरचं माप 21.3 मिलिमीटर आणि आतलं साधारण 16, म्हणजे कुठूनही मोजा, अर्धा इंच भरत नाही. ते नाव जुन्या, जाड भिंतीच्या नळ्यांच्या पोकळीवरून पडलं आणि नळ्या पातळ झाल्या तरी टिकलं.

मुंबईत 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी ओतीव लोखंडाच्या मोठ्या नळांतून आलं. मराठवाड्याच्या खेड्यांना मात्र माझ्या मते जीआयची खरी ओळख करून दिली ती हापशाने. या कथेतला सर्वांत अभिमानाचा भाग इथे आहे. ओतीव लोखंडाचे जुने हातपंप गावभर वापरले की लवकरच मोडत. तेव्हा जालन्यात मिशनच्या कार्यकर्त्यांनी पोलादी, एकाच खिळीवर हलणारा पंप घडवला, सोलापुरात तो आणखी सुधारला. 1972 च्या दुष्काळानंतर, त्याच दशकात, त्यातून ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला आणि जगभर गेला. त्याच्या बोअरमध्ये जीआयचे तीन-तीन मीटरचे पाईप एकमेकांत आट्यांनी गुंतवून सोडतात. हापसा दुरुस्त करणाऱ्यांबरोबर पान्हा आला, सफेदा आणि ताग गुंडाळून सांधा बसवण्याची रीत आली. पुढे घरोघरी नळ आले तेव्हा तेच हात कामाला लागले.

हा पाईप का सडतो? जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पण आटे पाडताना डाय जस्त खरवडून टाकते आणि नेमकं सांध्यावर लोखंड उघडं पडतं. म्हणून गळती बहुधा सांध्यापासून सुरू होते. दुसरं कारण आपल्या भागाला जास्त लागू आहे. बेसॉल्टमधलं पाणी जड असतं. त्याच्या क्षारांचा पातळ थर लोखंडाला थोडं जपतोही. पण नळ चार-आठ दिवसांनी येतो, मधले दिवस पाईप रिकामा, आत ओल आणि हवा. गंजाला हेच हवं असतं. कायम भरलेला पाईप त्या मानाने जास्त टिकतो. दुष्काळी गावाला पाणी कमी मिळतं आणि त्याच कारणाने त्याचा पाईपही आधी मरतो. हा अन्याय मला फार बोचतो, कारण भिंत फोडण्याचा खर्च त्याच घराच्या माथी येतो.

आता झिरीत सीपीव्हीसी बसतो. त्याचा पूर्वज पीव्हीसी. 1872 मध्ये जर्मनीत ऑइगेन बाउमानला काचेच्या नळीत उन्हाने तयार झालेला पांढरा घट्ट पदार्थ दिसला, तिथून त्याची सुरुवात. शेतकऱ्यांनी विहिरीवरून पाईपलाईन टाकताना पीव्हीसी केव्हाच आपलासा केला होता, पण गरम पाण्याला तो टिकत नाही. क्लोरीन वाढवल्यावर जो सीपीव्हीसी झाला, तो सोलर आणि गीझरचं पाणी सोसतो. गंजत नाही, आटे लागत नाहीत, सोल्युशन लावून जोडता येतो. ऊन मात्र त्याला मानवत नाही; माळवदावरून जाणारा भाग रंगवावा किंवा झाकावा.

इथे मापाची फसगत होते. अर्धा इंची सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापाने बनतो: बाहेरून 15.9 मिलिमीटर, आतून साडेबाराच्या आसपास. त्याच नावाच्या जीआयपेक्षा त्याची वाट क्षेत्रफळाने सुमारे चाळीस टक्के कमी. टाकीची उंची कमी असेल तर मुख्य लाईन पाऊण इंची घ्यावी.

आणि तोटीपाशी जुनं कूळ पुन्हा भेटतं. तोटीला आटे लागतातच, म्हणून शेवटच्या एल्बोत पितळी खोबण बसवतात. तिच्यात इंचाला चौदा, 55 अंशांचे, व्हिटवर्थचेच आटे. तिथे सफेद्याऐवजी टेफलॉन टेप गुंडाळावी, पण पान्ह्याने जोर करू नये. लोखंडाची सवय झालेल्या हाताने इथे प्लास्टिक तडकतं. खर्च वाचवायला अर्धी लाईन जुनी ठेवली तर तिचा गंज नव्या पाईपातून येऊन तोटीच्या जाळीत अडकत राहतो. टाकीच्या व्हॉल्व्हपासून शेवटच्या तोटीपर्यंत सगळी लाईन एकदाच बदलावी. गिलावा करण्याआधी दाबपंप लावून सांधे तपासावेत, आणि पाईप कुठून कसा गेला आहे याचं माप घेऊन ठेवावं.