डागाळलेल्या दातांचा शोध

दात बळकट व्हावेत म्हणून काय खावे, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. दूध, तीळ, नाचणी, पालेभाज्या ही उत्तरे आपल्याला पाठ आहेत आणि ती खोटीही नाहीत. परंतु दातांच्या आरोग्याच्या इतिहासातील एक मोठे कोडे सुटण्यास तीस वर्षे लागली, याचे एक कारण असे की, जे पाण्यात होते ते लोक ताटात शोधीत होते.

सन १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. तेथेच लहानाचे मोठे झालेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. घासून ते निघत नसत. गावकऱ्यांनी कारणेही ठरवून टाकली होती : डुकराचे मांस फार खाल्ल्याने, दूध निकस असल्याने, वगैरे. मॅकेचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १९०९ मध्ये जी. व्ही. ब्लॅक हे त्या काळचे नामांकित दंतशास्त्रज्ञ त्याच्या मदतीस आले. दात हिरडीखाली घडत असतानाच, म्हणजे बालपणी, हा डाग पडतो; मोठेपणी त्या गावी राहावयास आलेल्या माणसाला तो होत नाही, असे त्यांना आढळले. आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती चमत्कारिकच होती. हे डागाळलेले दात सहसा किडत नसत!

मॅकेचा संशय पाण्यावर होता. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातील ओकली या खेड्यात त्याला आधार मिळाला. गावाने सुमारे पाच मैलांवरील उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणले, आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅकेने तो नळ सोडून देण्याचा सल्ला दिला. गावकऱ्यांनी तो मानला. (पाण्याच्या योजनांच्या फायली चाळण्यात ज्याचे दिवस जातात अशा माझ्यासारख्याला याचे मोल अधिक वाटते, स्वखर्चाने बांधलेला नळ शास्त्रज्ञाच्या शब्दावर सोडून देणे सोपे नसते.) पुढे लहान मुलांचे दात स्वच्छ येऊ लागले. तरी पाण्यात नेमके काय आहे, हे रासायनिक तपासणीत सापडेना. अखेर १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीचे मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने तो पदार्थ उघड केला. तो होता फ्लोराइड.

मग प्रश्न मात्रेचा राहिला. ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. दहा लक्ष भाग पाण्यात एक भाग, एवढे फ्लोराइड असेल तर दात किडण्यापासून वाचतात आणि डागही बहुधा नावापुरताच राहतो. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्झ शहराने मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घातले आणि अकरा वर्षांनी तेथे जन्मलेल्या मुलांत दातांची कीड साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर झाले. आज दंतमंजनांतूनच फ्लोराइड मिळत असल्याने पाण्यातील फ्लोराइडचा लाभ तेवढा मोठा उरलेला नाही.

आपल्या देशात मात्र पुष्कळ ठिकाणी संकट नेमके उलट आहे. १९३७ मध्ये शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी यांनी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याची हकीकत प्रसिद्ध केली. तेथे फ्लोराइडच्या अतिरेकाने केवळ दातच नव्हे, तर मणके आणि सांधेही जखडले होते. यांतील चिं. गो. पंडित पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. आणि येथे ताट पुन्हा कथेत येते. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या दोघांत, ज्याच्या आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कमी, त्याची हानी अधिक. कॅल्शियम पोटातच फ्लोराइडला बांधून ठेवते. म्हणून दूध, तीळ, नाचणी यांना येथे दुहेरी महत्त्व आहे. १९७७ मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधकांनी असेही दाखविले की, तांदळाच्या आहारापेक्षा ज्वारीच्या आहारावर शरीरात फ्लोराइड अधिक साठून राहते. भाकरीवर वाढलेल्या आपल्याला हे ऐकून थोडे वाईट वाटेल. पण दोष भाकरीचा नव्हे, विहिरीचा आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हे दुखणे ठाऊक आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने यावर काढलेला उपाय नलगोंडा पद्धती या नावाने ओळखला जातो. पाण्याची तपासणी करून त्या प्रमाणात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालावयाची, ढवळावयाचे, आणि निवळू द्यावयाचे. साधी बादलीही पुरते. वरचे नितळ पाणी पिण्यास घ्यावयाचे. तळाच्या गाळात मात्र फ्लोराइड उतरलेले असते. तो विहिरीच्या काठी ओतता येत नाही.