खिद्रापूर

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठचे गाव. कोल्हापूरपासून सुमारे ६० कि.मी., कर्नाटकच्या सीमेलगत. कुरुंदवाडहून रस्ता आहे. कोपेश्वर मंदिरामुळे प्रसिद्ध.

गावाचे जुने नाव कोप्पम असावे. चोळ राजा राजाधिराज आणि चालुक्य सोमेश्वर (पहिला) यांची कोप्पमची लढाई (१०५४) येथेच झाली, असे काही अभ्यासक मानतात. या लढाईत राजाधिराज हत्तीवर मारला गेला आणि त्याच्या भावाने रणांगणातच राज्याभिषेक करून घेतला. कोप्पम म्हणजे कर्नाटकातील कोप्पळ, असेही एक मत आहे. खिद्रापूर हे आजचे नाव खिद्रखान या सरदारावरून पडले, असे गावात सांगतात.

कोपेश्वर मंदिराचे बांधकाम मुख्यतः बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात झाले. शिलाहार राजा भोज (दुसरा) याचे राज्य यादव सिंघणाने १२१२ च्या सुमारास जिंकले. त्यानंतर दोनच वर्षांनी, शके ११३६ मध्ये, सिंघणाने मिरिंजी देशातील कुडलदामवाड हे गाव कोपेश्वराच्या पूजेसाठी दान दिल्याचा संस्कृत लेख दक्षिण दाराजवळ आहे. येथील इतर लेख कन्नड आहेत, हा एकच नागरी लिपीत आहे. पराभूत घराण्याच्या देवाला जेत्याने गाव तोडून दिले, ही गोष्ट मंदिराच्या इतिहासात सर्वांत मोलाची आहे. लेख पाहिल्याशिवाय परतू नये.

मंदिर पूर्वाभिमुख. स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ व गाभारा अशी रचना. स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोलाकार उघडे असून त्या झरोक्याचा व्यास सुमारे १३ फूट आहे. बरोबर त्याखाली जमिनीत तेवढीच वर्तुळाकार शिळा बसवलेली आहे. मंडपाला ४८ खांब आहेत, त्यांपैकी १२ झरोक्याभोवती वर्तुळात उभे आहेत. एकच खांब खालून वर पाहत गेले तर तो चौकोनी, अष्टकोनी, गोल असा आकार बदलत जातो, आणि गोल भागावरची कडी इतकी गुळगुळीत, की दगड चरकावर फिरवून घडवला असावा असे वाटते. वर्तुळाच्या कडेला आतून अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरले आहेत. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र झरोक्यावर येतो आणि शिळा उजळून निघते. त्या रात्री दर्शनाला मोठी गर्दी होते.

बाहेरून मंदिराची भिंत ताऱ्यासारखी कोनाकोनांनी वळत जाते. तळाशी गजपट्ट. मंदिराचा सगळा भार हत्तींच्या पाठीवर दिला आहे आणि हत्तींवर देवदेवता बसल्या आहेत. बहुतेक हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. वर सुरसुंदरी आणि नक्षीचे थर. सभामंडपातील खांबांच्या तळाला पंचतंत्रातील गोष्टी कोरल्या आहेत, त्या बसूनच पाहाव्या लागतात.

गाभाऱ्यात शिवलिंगाबरोबर धोपेश्वर म्हणून विष्णूही पूजला जातो. दक्षयज्ञात सतीने देह टाकल्यावर कोपलेल्या शंकराला विष्णूने येथे शांत केले, अशी कथा. त्यावरूनच देवाचे नाव कोपेश्वर. समोर नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली होती, म्हणून तो कर्नाटकातील येडूर येथे आहे, असे भाविक मानतात. मंदिर केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे.

गावात आदिनाथाचे जुने जैन मंदिरही आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील शिल्पे शिलाहार शैलीची असून कोपेश्वराच्या गर्दीत ती दुर्लक्षित राहिली आहेत.

ऊस हे प्रमुख पीक. शेती व दूध यांवर गाव चालते.

२००५ आणि २०१९ च्या महापुरांत गावाला कृष्णेच्या पाण्याचा वेढा पडला होता. पावसाळ्यात निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची कुरुंदवाडला चौकशी करावी.