बाबांची फिएट : एका चासी नंबरचा पाठलाग

डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट शोधायची म्हटली की पहिला प्रश्न पडतो, प्रायमरी की कोणती? गाडीच्या बाबतीत बहुतेकांचं उत्तर असतं नंबर प्लेट. पण गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की तिला नवा नंबर घ्यावा लागतो. इंजिनही बदलता येतं. जन्मापासून भंगारापर्यंत गाडीला चिकटून राहतो तो चासी नंबर. बाबांची १९६८ ची फिएट ११०० डिलाइट शोधायला घेतली तेव्हा माझ्या हातात एवढंच होतं : आरसी बुकाची एक पिवळी पडलेली झेरॉक्स आणि तिच्यावरचा चासी नंबर.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ती गाडी बाबांना एवढी का लागून राहिली हे कळणार नाही.

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत हात घालणारा हा माणूस. आपल्या जिल्ह्यातलं वालचंदनगर त्यांचंच. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या क्रायसलरच्या, म्हणजे डॉज आणि प्लिमथ. मग पन्नाशीच्या दशकात फिएटशी करार झाला. त्या काळातल्या गोलसर फिएटला आपल्याकडे अजून 'डुक्कर फिएट' म्हणतात. (त्या गाडीवाल्यांसमोर म्हणू नका!) १९६४ पासून चौकोनी ११०० डी आली : १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. तीच गाडी थोड्याफार फरकाने १९७४ पासून 'पद्मिनी' झाली आणि २००० सालापर्यंत बनत राहिली.

पण गाडी बनत होती म्हणजे मिळत होती असं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत देशात निवड इन मीन तीन गाड्यांमध्ये : अँबॅसेडर, फिएट आणि स्टँडर्ड हेराल्ड. किती बनवायच्या ते लायसन्स ठरवणार, कोणाला द्यायच्या त्यावर १९५९ चा नियंत्रण आदेश, आणि १९६९ मध्ये तर किमतीही सरकारने आदेश काढून ठरवल्या. ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. नवीन फिएटसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. म्हणून बाबांसारख्या पगारदार माणसाने १९७६ मध्ये सेकंडहँड घेतली. आज आपण ईएमआयवर तासाभरात गाडी बुक करतो, त्यामुळे सेकंडहँड म्हणजे तडजोड वाटते. तेव्हा ती शर्यत जिंकल्यासारखी गोष्ट होती.

त्या काळच्या कर्जाची एक गोष्ट प्रसिद्धच आहे. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १२,००० रुपयांची फिएट घेतली, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले आणि उरलेलं कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते चावी दिली गेलेली पहिली मारुती ८०० सुद्धा कंपनीने पुन्हा नीट करून मुख्यालयात ठेवली आहे. पण आपल्या आई-बाबांच्या गाड्यांना कोण स्मारक बांधणार? त्या विकल्या जातात आणि गर्दीत मिसळतात.

आमची १९९३ मध्ये विकली गेली. ताईची मेडिकलची फी भरायची होती. बाबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, पण रस्त्यात फिएट दिसली की ती वळेपर्यंत मान तिच्याबरोबर वळायची. आता त्यांचं वय ८२, दृष्टी कमी झालीये. म्हटलं, शोधायची तर आत्ताच.

पहिला प्रयत्न अर्थातच ऑनलाइन. जुना तीन अक्षरी नंबर टाकला, रेकॉर्ड सापडलं नाही. त्याचं कारण सरळ आहे. एमएच-१२ वगैरे नंबर आले १ जुलै १९८९ ला नवीन मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर. त्याआधीच्या नोंदी जाडजूड रजिस्टरांत, हाताने लिहिलेल्या. त्यातल्या सगळ्याच काही कॉम्प्युटरवर चढलेल्या नाहीत. आणि सापडली असती तरी मालकाचं नाव तारकांआड झाकलेलं असतं. ते योग्यच आहे म्हणा.

मग माणसांकडे गेलो. बाबा ज्यांच्याकडे गाडी नेत ते नाना पेठेतले गॅरेजवाले काका आता घरीच असतात. मी नंबर सांगितला तर ते म्हणाले, "अरे, ती वाईला गेली. मास्तर होते ते." बत्तीस वर्षांनी, तीन सेकंदांत! कुठलाच सर्व्हर असा रिस्पॉन्स देत नाही.

जिल्हा बदलला तरी राज्याच्या आत नंबर बदलत नाही, त्यामुळे वाईत विचारत विचारत मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा शेडमधल्या गाडीवर तोच नंबर होता. रंग मात्र वेगळा. बॉनेट उघडून झेरॉक्सशी ताडून पाहिलं. चासी नंबर जुळला, इंजिन नंबरही जुळला. पण त्यात एक गंमत होती. झेरॉक्सवर मूळ इंजिन नंबर खोडून नवा लिहिलाय, बाजूला आरटीओचा शिक्का. बोरघाटात गाडीने दम सोडल्यावर बाबांनीच पद्मिनीचं इंजिन बसवलं होतं.

ही गंमत आता महत्त्वाची ठरते. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळू शकते. आधीपासून नोंद असेल तर जुना नंबरही राखता येतो. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नकोत. म्हणजे जो बदल आमच्या घरच्या आठवणींतला सगळ्यात मोठा किस्सा, तोच फॉर्म भरताना आडवा येणार.

विकत घेण्याचं विचारलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "माझी मुलगी हिच्यावर गाडी शिकली. परवा तीही हेच विचारत होती." त्यावर मी काय बोलणार? १७ वर्षं ती आमच्याकडे होती, त्यांच्याकडे तिच्या जवळपास दुप्पट.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "चालते का?" चालते, चोक ओढावा लागतो. "मास्तर बरे आहेत ना?" बरे आहेत. मग म्हणाले, "त्यांना आपल्याकडचे कागद देऊन टाक. त्यांना लागतील."

इंजिन बदलाची शिक्का मारलेली नोंद, १९७६ ची खरेदी पावती, जुने टॅक्सचे कागद, सगळ्याचा एक संच करून मागच्या आठवड्यात वाईला कुरिअर केला. स्कॅन माझ्याकडे आहेत. मंडळी, तुमच्याही घरी कपाटात असं एखादं आरसी बुक असेल. चासी नंबर उतरवून ठेवा आणि गाडी कोणाला विकली ते आत्ताच विचारून घ्या. आमच्या गॅरेजवाल्या काकांचं वय ८५ आहे आणि त्यांचा बॅकअप कुणीही घेतलेला नाही.