उसनवारी कीं नवनिर्मिति?

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेंतील तुकडा उचलून आपलें गीत रचणें ही चोरी कीं कला? जमैकांत जन्मलेल्या कूल हर्कनें १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील नृत्यमेळाव्यांत हेरलें कीं, गाणें थांबून नुसता ताल उरतांच नाचणाऱ्यांस स्फुरण चढतें. मग एकाच गीताच्या दोन तबकड्या आळीपाळीनें फिरवून तो क्षण त्यानें लांबविला. १९८० नंतर ध्वनिखंड साठविणारीं यंत्रें आलीं व हिप हॉपची ही युक्ति फोफावली.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारीस आम्ही चोर म्हणत नाहीं. निवड आणि जोडणी हीच तिची प्रतिभा. परंतु लुगडें कोणाचें, हेंहि विसरतां कामा नये. जेम्स ब्राउनच्या १९७० मधील ‘फंकी ड्रमर’ गीतांतील क्लाइड स्टबलफील्डचा ठेका शेंकडों गीतांत वाजला. त्या वादकाच्या पदरीं मात्र मोबदला फारसा पडला नाहीं. आमच्या मतें ही कला खरीच. तिचें ऋणहि तितकेंच खरें.