काळी न दिसणारी ‘काळी’

मावळात कामशेतहून कार्ल्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं लागतात. माती तांबूस, कुठे करडी. काळी म्हणावी अशी क्वचितच. तरी जुन्या महसुली मराठीत ही सगळी जमीन ‘काळी’च. गाव वसलं ती पांढरी, नांगर चालतो ती काळी. मोल्सवर्थच्या कोशातही हे दोन्ही शब्द याच अर्थांनी आहेत.

संस्कृतात रंगाचा जुना शब्द ‘कृष्ण’. ऋग्वेदात काळ्यासाठी तोच आहे. रंगवाचक ‘काल’ मागाहून आला. पाणिनीच्या वेळेला मात्र तो इतका रुळला होता की रंग सांगायचा असेल तर स्त्रीलिंगी रूप ‘काली’ करावं, असा नियमच त्याने घातला. पुढे त्याच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्तीत ‘कृष्णभूम’ आणि ‘पाण्डुभूम’ असे जोडीचे शब्द भेटतात. म्हणजे काळ्या-पांढऱ्या भुईची जोडी जुनीच. पण तिथे ते निव्वळ मातीचे रंग. एकीला शेत आणि दुसरीला गाव म्हणायची चाल मला आपल्याकडची वाटते.

तीही बहुधा देशावरची. काळा पत्थर झिजून झालेली चिकण माती तिथे ओल धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. गावठाणात याच्या उलट: चुलीची राख, शेणामातीच्या पडलेल्या भिंती, पुन्हा त्यांच्यावर नव्या भिंती. शतकानुशतकं हे साचलं की माती पांढरट होते. पुरातत्त्वाची मंडळी जुनी वस्ती हुडकताना म्हणूनच पांढरीचं टेकाड बघतात. मावळात खडक तोच. पण लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. एवढं पाणी मातीतलं बरंच काही धुऊन नेतं, लोह मागे ठेवतं. रंग वाहून गेला तरी शब्द शेताला चिकटून राहिला.

मावळातली खरीखुरी काळी माती बघायची तर उन्हाळ्यात राब भाजताना बघावी. वाफ्यावर शेणी, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर मातीचा पातळ हात फिरवायचा आणि वारा पडला की पेटवायचं. धुमसून विझलं की एवढाच तुकडा काजळासारखा काळा होतो, आणि भाताचं बी पेरायचं तेही तिथेच. बाकी खाचर तांबडंच.

कागदोपत्री काळी म्हणजे सारा. पांढरी म्हणजे घरं, बलुतं, मानपान आणि गावकरी स्वतः. निवाड्याला ‘समस्त पांढरी’ बसे, काळी कधी बसली नाही. इंग्रजांनी काळ्या रंगाला आण्यांत भाव लावला. विंगेट नावाच्या अधिकाऱ्याच्या मोजणीपद्धतीत, जिचे नियम १८४७ मध्ये पक्के झाले, मातीच्या तीन जाती होत्या: बारीक पोताची गर्द काळी ते तपकिरी पहिली, जाडसर तांबूस दुसरी, मुरमाड तिसरी. खोल काळी सोळा आणे, मग खोली आणि जात उतरेल तसे आणे उतरत जायचे. ही पद्धत १८३६ मध्ये इंदापूरला सुरू झाली, तिथल्या कोरडवाहूला ती शोभली. मावळचं पीक पाण्यावरचं. भातजमिनीचा हिशोब वेगळाच मांडावा लागला.

जमिनीचे कागद मावळाला नवे नाहीत. कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनकालीन लेखात ‘मामाल’ म्हणजे मावळ आहारातलं (आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा) करजक गाव भिक्षूंना दिल्याचा आदेश कोरलेला आहे. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती अशी; तीही शेतजमिनीचीच.

आता लोणावळ्याभोवती काळीचा तिसराच प्रकार झाला आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ खाली बिगरशेती झालेली जमीन काळी उरत नाही, आणि कुंपणातल्या बंगल्यांना पांढरी म्हणवत नाही. तिला नाव पडलं ‘एन.ए.’. त्याला रंगच नाही. पांढरीचंही बदलतं आहे. सातबारा काळीचा निघतो, गावठाणाचा नाही. बहुतेक गावांची पांढरी कधी मोजलीच गेली नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ती आधी ड्रोनने मोजून पाहिली, आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत गावोगाव मोजणी होऊन घराघराला मिळकत पत्रिका मिळू लागली आहे.