भारवाहू माणूस आणि भारवाहू यंत्र

चाकाचा शोध लागून काही हजार वर्षे लोटली, तरी ओझे माणसाच्या डोक्यावरून पुरतेपणी उतरले नाही. मालाचा दूरचा प्रवास गाडीने होई, जहाजाने होई, पुढे आगगाडीनेही होऊ लागला. पण धक्क्यापासून वखारीपर्यंतचे आणि वाघिणीपासून कोठारापर्यंतचे शेवटचे अंतर मानेच्याच बळावर काटले जाई. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत हे कष्ट उपसणाऱ्याला ‘माथाडी’ म्हणतात, ते त्याच्या माथ्यावरील ओझ्यावरूनच. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि 1969 साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1967 साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा 55 किलो असावी, अशी शिफारस केली होती.

हे ओझे माणसाऐवजी यंत्राने पेलावे, या विचारातून फोर्कलिफ्ट जन्माला आला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील क्लार्क कंपनीने 1917 च्या सुमारास कारखान्यातल्या कारखान्यात माल नेणारी एक मोटारगाडी बनविली. 1923 साली येल कंपनीने पुढे लोखंडी काटे आणि उभा मास्ट असलेली गाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात अफाट लष्करी सामग्री हलवावी लागली, तेव्हा लाकडी पॅलेट आणि फोर्कलिफ्ट ही जोडी जगभर पसरली.

आपल्या देशात या यंत्रयुगाची पावले जिथे ठळकपणे उमटली, त्या स्थळांपैकी एक म्हणजे भिलाई. मुंबई-हावडा लोहमार्गावर या नगरीचे ‘पावर हाउस’ नावाचेच एक स्थानक आहे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. छत्तीसगड 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. आणि 2 फेब्रुवारी 1955 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा ज्या मध्य प्रदेशात हे गाव होते त्याची राजधानी नागपूरच होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या प्रदेशातला माणूस एका पिढीच्या आत अवजड यंत्रांच्या सहवासात येऊन उभा राहिला.

या स्थित्यंतराची एक बाजू सहसा बोलली जात नाही. माथ्यावरच्या ओझ्याचा धोका वाहणाऱ्याला असे. यंत्रावरच्या ओझ्याचा धोका शेजारून जाणाऱ्यालाही असतो. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालण्याचे बंधन आणले. जागच्या जागी फिरणाऱ्या चक्राला कुंपण घालता येते. पण धावत्या यंत्राला ते कसे घालणार? 1948 च्या कायद्याने भार उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून निदान एकदा तज्ज्ञाकडून कसून तपासणी व्हावी आणि त्यांच्यावर ठरीव मर्यादेपेक्षा अधिक भार घालू नये, असे ठरविले. 2020 साली संसदेने यासंबंधीचे अनेक कायदे एका संहितेत गोवले. तथापि तपासणी वर्षातून एकदा होते आणि यंत्र रोज चालते. म्हणून चालकाची शिस्त हेच त्याचे खरे कुंपण होय.

ही शिस्त यंत्राच्या रचनेतूनच निघते. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्यबिंदू मिळून एक त्रिकोण होतो. गाडी व माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला, की गाडी कलंडते. म्हणून माल जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि मास्ट किंचित मागे झुकवून चालावे. काटे उंच ठेवून वळू नये. चढ असो वा उतार, भरल्या गाडीचा माल नेहमी चढाच्या बाजूस हवा. म्हणजे उतरताना गाडी उलटी न्यावयाची. मालाने समोरचे दिसेनासे झाले, तर सपाटीवरही तोच मार्ग. वळण मागच्या चाकांनी होत असल्यामुळे गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते, हे पायी चालणाऱ्यानेही ध्यानात ठेवले पाहिजे. उचललेल्या काट्यांखाली कोणी उभे राहू नये. आणि गाडी कलंडू लागलीच, तर चालकाने उडी मारू नये. पट्टा बांधलेला असावा, चक्र घट्ट धरावे आणि कलंडण्याच्या विरुद्ध दिशेस अंग झोकावे. उडी मारणारा बहुधा गाडीखालीच सापडतो.

चालविण्याइतकेच महत्त्व उभे करण्याला आहे, हे मात्र लवकर पटत नाही. काम संपले, भोंगा झाला, की मन घराकडे धावते. सरकारी सेवेत अपघातांचे अहवाल वाचताना मला वारंवार जाणवले आहे, की निष्काळजीपणा पाळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत अधिक संभवतो. काटे पुरते जमिनीवर टेकवावे, मास्ट जरा पुढे कलता करून टोकेही जमिनीस लावावी, गिअर मोकळा करून हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. अधांतरी राहिलेला काटा अंधारात चालणाऱ्याच्या नडगीवर बसतो. विसरलेली किल्ली अशिक्षित हातात पडते. उतारावर गाडी ठेवूच नये. ठेवणे भागच पडले, तर चाकांना अडण लावावी. जिना, दरवाजा, विजेचे खटके आणि अग्निशामक साधने यांच्या वाटेत ती कदापि नसावी.

9 ऑक्टोबर 2018 रोजी भिलाईच्या कारखान्यात वायुवाहिनीपाशी लागलेल्या आगीत दहाहून अधिक कामगार प्राणास मुकले. त्या दुर्घटनेची कारणे निराळी होती. पण कोठल्याही कारखान्यात अशा घटकेला मोकळ्या वाटेचे मोल काय असते, हे सांगावयास नको.

4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि 1972 पासून तो दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. फलक लागतात, शपथा घेतल्या जातात. ते सारे योग्यच आहे. परंतु पाळी संपवून घरी निघालेला चालक दोन पावले मागे येऊन काटे टेकले आहेत की नाही हे पाहतो, तेव्हा ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही अशा पुढच्या पाळीच्या माणसाची तो काळजी वाहत असतो. माथ्यावरचे ओझे यंत्राने घेतले. हे ओझे मात्र माणसानेच वाहिले पाहिजे.